शिसवावर ओतलेली काच

घरात तिला सगळे घुमी म्हणत. तीन वर्षांची होईपर्यंत ती फारशी बोललीच नाही, आणि बोलायला लागल्यावरही मोजकंच बोलायची, म्हणून पडलेलं हे नाव चौतिसाव्या वर्षीही तिला चिकटून होतं. ती शाळेत संगीत शिकवायची, सुटीच्या दिवशी दोन साथीदारांबरोबर कार्यक्रम करायची, आणि राहायची आईबाबांकडेच, मागच्या खोलीत. त्या खोलीतही तिचं म्हणावं असं फार काही नव्हतं. पलंग आईच्या पसंतीचा, चादरी वहिनीनं आणलेल्या, टेबल बाबांनी केलेलं. एक बेस गिटार तेवढी तिची होती.

बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. विकत घेतली तेव्हा तिच्या मानेवर धातूचे पडदे होते. दुसऱ्याच वर्षी घुमीने पक्कड घेऊन ते एकेक करून उपटले, मागे राहिलेल्या फटींत फिकट लाकडाच्या बारीक पट्ट्या भरल्या, आणि मानेवरची शिसवाची फळी, जिला वाजवणारे नुसतं बोर्ड म्हणतात, ती तशीच उघडी ठेवली. बिनपडद्याच्या बेसवर बोट नेमकं कुठे टेकवायचं हे कान सांगतो आणि सवय सांगते. सुरुवातीची तीन वर्षं तिने खरखरीत तारा वापरल्या होत्या, त्यांनी शिसवात बारीक चरे पाडले. मग तिने गुळगुळीत तारा लावल्या. चरे तेवढ्यावर थांबले आणि तिच्या बोटांना ते ओळखीचे झाले. स्टेजवर दिवे गेले तरी आपण कुठे आहोत हे तिला कळायचं.

बाबा बोटींच्या कारखान्यात सदतीस वर्षं फिनिशिंगला होते. डेक, कठडे, केबिनची दारं, जे जे लाकूड त्यांच्या हाताखालून जाई त्यावर ते इपॉक्सी चढवत. दोन डब्यांतलं रेझिन आणि हार्डनर मापात मिसळायचं, लाकडावर ओतायचं, की काही तासांत त्याची काच होते. एवढं सोपं ते बोलायला. प्रत्यक्षात बुडबुडा येतो, धूळ बसते, कडेला ओघळ सुटतो. बाबांच्या कामात यातलं काही म्हणता काही सापडायचं नाही. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण हात स्वस्थ बसेनात. दोन वर्षांत घरातलं जेवणाचं टेबल चमकू लागलं, चपलांचं कपाट चमकू लागलं, जिन्याच्या पायऱ्या इतक्या चमकू लागल्या की उतरताना कठडा धरावा लागायचा. आईच्या भाजी चिरायच्या फळीवरही त्यांनी दोन हात दिले. तिच्यावरून सुरी अशी सटकली की आईने फळी भिंतीवर टांगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, शोभेला काय सुरेख दिसते!

"उघडं लाकूड म्हणजे अर्धवट काम," बाबा म्हणत.

घुमीला हे सगळं दिसत होतं. तिच्या वाटेला त्यातलं काही आलंही होतं. ती दहावीत असताना तिच्या टेबलाचे पाय बाबांनी चार बोटं कापले, का, तर ती पोक काढून बसते. कॉलेजात असताना तिची निळी सायकल त्यांनी पिवळी केली, का, तर लांबून दिसावी. दोन्ही वेळा ती घरी नव्हती. दोन्ही वेळा घरी आल्यावर सगळ्यांनी कौतुकाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ती "छान" म्हणाली. पण बेसला कुणी हात लावेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आपल्या जिभेला कुणी रंग देईल असं माणसाच्या मनात येतं का?

त्या महिन्यात शाळेचं नऊ दिवसांचं शिबिर होतं. मुलं घेऊन डोंगरात जायचं, तर बेस कशाला न्या, म्हणून ती खोलीतच भिंतीला टेकवून ठेवून गेली. परत आली सोमवारी दुपारी. शनिवारी तिचं आणि साथीदारांचं पहिलं रेकॉर्डिंग होतं, स्टुडिओ ठरला होता, आणि येताना बसमध्ये ती मांडीवर बोटं चालवत आली होती.

दारातच आईने तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. "डोळे मीट."

"काय झालं?"

"मीट गं तू."

हॉलमध्ये दादा आणि वहिनी आले होते. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी ही दोघं सोमवारी दुपारी कधी येत नसत. दादाने मोबाईल समोर धरला होता. टेबलावर काहीतरी लांबट, पांढऱ्या चादरीखाली झाकलेलं होतं. बाबा टेबलाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आता उघड," आई म्हणाली, आणि बाबांनी चादर ओढली.

आधी घुमीला तिच्या बेसवर छतावरचा पंखा दिसला. खरोखरच दिसला, तिन्ही पाती आणि मधली टोपी, गिटारच्या मानेत फिरताना. मग त्या पंख्याखाली, तळ्याच्या तळाशी काही बुडालेलं दिसावं तसं तिचं शिसव दिसलं.

"चार थर आहेत," बाबा म्हणाले. "पहिला थर मी काढून टाकला, एक केस अडकला होता त्यात. मग पुन्हा पहिल्यापासून. आणि गोलाई बघ, मूळची जशी होती तश्शी ठेवलीय. दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत गेलो."

"सहा दिवस उभे होते शेडमध्ये," आई म्हणाली. "जेवायलासुद्धा हाका माराव्या लागायच्या."

"माझा हेअर ड्रायर नेला होता बुडबुडे काढायला," वहिनी म्हणाली. "अजून वास येतो केसांना."

घुमीने बोर्डावरून अंगठा फिरवला. अंगठा कुठेच अडला नाही.

"चरे?" ती म्हणाली.

"सगळे घासून टाकले आधी!" बाबा म्हणाले. "केवढे खड्डे करून ठेवले होतेस! आणि त्या पट्ट्या भरल्या होत्यास ना तू, त्यातल्या पाच-सहा वर आल्या होत्या. त्याही सपाट केल्या. आता जन्मभर बघायला नको."

घुमीला ओरडायचं होतं. पण दादाचा मोबाईल चालू होता, आई डोळे पुसत होती, बाबा तिच्या तोंडाकडे पाहत होते, आणि चौतीस वर्षांची सवय होती.

"बोलायलाच सुचत नाहीये तिला," दादा मोबाईलमध्ये म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. दोन्ही आत्यांनी टाळ्या पाठवल्या. मावशीने लिहिलं, असा बाप मिळायला भाग्य लागतं. घुमी खोलीत पलंगावर बसून ते वाचत होती आणि समोर बेस चमकत होती. भाग्य! तिने मोबाईल उशीखाली घातला. उशीखालीसुद्धा तो थरथरतच राहिला.

मग तिने बेस मांडीवर घेतली आणि वाजवून पाहिली. आपण उगाच कांगावा करतोय, असंही असू शकेल, तिने स्वतःला बजावलं. वाजवून तर बघू.

आवाज मोठा झाला होता, स्वच्छ झाला होता, आणि लांबला होता. तार छेडली की स्वर निघे आणि काचेवरून घसरत जावा तसा जातच राही. वाईट म्हणता आला नसता. कुणाला तरी हाच आवाज हवा असेल, त्यासाठी लोक हे मुद्दाम करून घेतात, हे तिला ठाऊक होतं. पण हा तिचा नव्हता. तिचा स्वर कोरडा होता, लाकडावर बोट ठोकल्यासारखा, बोलून झालं की गप्प बसणारा.

दुसऱ्या दिवशी तालमीला हे आणखी स्पष्ट झालं. तिच्या गाणाऱ्या मैत्रिणीने रेकॉर्डिंगसाठी जे गाणं निवडलं होतं त्यात नुसती बेस आणि गळा, आणि अधूनमधून अकॉर्डियन. घुमीचा एक स्वर, मग थोडी मोकळी जागा, त्या जागेत गाण्याची ओळ. तीन महिने असंच बसवलं होतं. दोन ओळी झाल्या आणि मैत्रीण थांबली.

"तू माझ्या ओळीत येतेयस," ती म्हणाली.

"मी तेच वाजवतेय."

"हो, पण ते थांबत नाहीये. मी श्वास घेते तिथेसुद्धा तू आहेसच." तिने जवळ येऊन बोर्डाकडे पाहिलं. "हे काय केलंस?"

"मी नाही केलं."

"मग?"

"बाबांनी. सरप्राइज."

मैत्रिणीने तोंडावर हात ठेवला. ती हसणार की काय असं घुमीला वाटलं. पण ती हसली नाही. "तुला न विचारता?" ती म्हणाली. त्या घटकेपर्यंत हे तीन शब्द कुणीच उच्चारले नव्हते. ते ऐकले आणि घुमीचे डोळे भरून आले, आणि रडू आलं याचाच तिला इतका संताप आला की तिने बेस खोक्यात घातली आणि तालीम सोडून थेट वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेली.

दुरुस्तीवाल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी बेस दिव्याखाली धरली, डोळा बारीक करून मानेवरून टोकापर्यंत पाहिलं, नखाने टक् टक् केलं. मग हळूच म्हणाल्या, "हे कोणी केलंय?"

"उतरवायचं आहे," घुमी म्हणाली.

"अहो, पण केलंय कोणी? असं मला नाही जमत. माझ्याकडे कडेला नेहमी ओघळ राहतो. इथे बघा, टेप कुठे लावली होती ते ओळखूसुद्धा येत नाही. ते शिकवतात का कुणाला?"

"बाई, उतरवायचं आहे."

"कशाला?" बाईंनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं, वेडबीड लागलंय का या मुलीला, अशा नजरेने. "काही बिघडलंय का?"

सगळं जग एका बाजूला उभं होतं. घुमीने नीट समजावून सांगितलं, आवाजाचं, चऱ्यांचं, शनिवारचं. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या की उतरवता येतं, गरम हवा देऊन मऊ करायचं आणि पात्याने खरवडायचं, पण पुढचे पंधरा दिवस त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. "आणि खरं सांगू? लाकडाच्या छिद्रांत शिरलेलं निघणार नाही. चरे तर गेलेच. जसं होतं तसं नाही व्हायचं ते."

"जेवढं होईल तेवढं," घुमी म्हणाली. "मीच करते. कसं करायचं ते सांगा."

बाईंनी सांगितलं. शेवटी एक जुनं पातंही दिलं.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर बाबांनी भात वाढून घेता घेता विचारलं, "काय म्हणतेय मग गिटार? तालमीत चकित झाले असतील."

"मी ते काढणार आहे," घुमी म्हणाली.

"काय काढणार आहेस?"

"इपॉक्सी."

आईचा डाव हवेतच राहिला. बाबांना आधी कळलंच नाही. "कुठे बुडबुडा दिसला का? दाखव मला, मी भरून देतो."

"बुडबुडा नाहीये. काम उत्तम आहे. मला नको होतं ते."

"म्हणजे?"

"म्हणजे मला नको होतं, बाबा. मला उघडं लाकूड हवं होतं. मी बारा वर्षं ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं. विसरले म्हणून नव्हतं राहिलं."

"घुमे," आई दबक्या आवाजात म्हणाली, "सहा दिवस उभे होते ते. त्यांची पाठ माहितेय ना तुला?"

"माझं ऐक आधी, आई. यांची पाठ दुखली म्हणून माझ्या गिटारचा आवाज परत येणार आहे का?"

हे वाक्य आपल्याच तोंडून बाहेर पडलं याचं तिला स्वतःलाही आश्चर्य वाटलं. बाबांनी ताट पुढे सारलं.

"सदतीस वर्षं मी हे काम केलंय," ते म्हणाले. "लोक बोट घेऊन दुसऱ्या गावाहून यायचे, याच हाताने फिनिश हवं म्हणून. आणि तू मला सांगतेस?"

"मी तुमच्या कामाला नाव ठेवतच नाहीये!"

"ठेवते आहेस. खरवडून काढणार म्हणतेस, आणखी काय राहिलं? तारांनी खाल्लं होतं ते लाकूड. आणखी पाच वर्षांनी फेकून द्यावं लागलं असतं."

"मग दिलं असतं फेकून. माझं होतं ना?"

"मुलांसाठी काही करायचंच नाही का माणसाने?"

"विचारून करायचं!" घुमी म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "एकदा विचारायचं. फोन होता माझ्याकडे. रोज संध्याकाळी आईशी बोलत होते मी. शिबिरात जेवण काय होतं ते विचारलंत, पांघरूण पुरतं का विचारलंत. हे एक विचारता आलं नाही?"

"मी म्हणालो होतो हिला, विचारू या का," बाबा म्हणाले. "ही म्हणाली, सरप्राइज म्हणजे सरप्राइज."

"आता माझ्यावर ढकला," आई म्हणाली.

"आणि विचारलं असतं," बाबा टेबलावर बोट आपटत म्हणाले, "तर तू नाहीच म्हणाली असतीस!"

"म्हणूनच विचारायचं असतं, बाबा!"

बाबा उठले, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेले. आईने त्यांचं अर्धवट ताट उचललं आणि भांड्यांचा एवढा आवाज केला की घुमीला कळावं. थोड्या वेळाने दादाचा फोन आला. बातमी पोचली होती.

"कशाला दुखवलंस म्हाताऱ्याला? एक गिटार ती. जरा वेगळी वाजली तर काय बिघडलं?"

"दादा, तुझी गाडी दे एक दिवस बाबांकडे. स्टिअरिंगवर इपॉक्सी चढवून घेऊ."

"काहीही बोलतेस."

"कसं वाटतं ते बघ आणि मग फोन कर," असं म्हणून तिने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने दादाचा फोन मध्येच ठेवला होता. मनातलं बोलून झालं, पण मन हलकं काही झालं नाही. तिचं नुकसान झालं होतं आणि दोषीही तीच ठरली होती. शांतपणे विचार केला तर हा प्रकार फार अजब होता. तिने रात्री शांतपणे विचार करून पाहिला. मग तिला आणखीच राग आला.

बुधवार शाळेत गेला. गुरुवारी दुपारी ती अर्धी सुटी टाकून आली आणि बेस घेऊन थेट मागच्या शेडमध्ये गेली. शेड म्हणजे बाबांचं राज्य. भिंतीवर हत्यारं मापाप्रमाणे टांगलेली, डब्यांवर तारखा लिहिलेल्या, जमिनीवर भुशाचा कणही नाही. तिने तारा उतरवल्या, मान दोन क्लॅम्पमध्ये अडकवली, खाली जुनं पांघरूण घातलं, तोंडाला मास्क बांधला, आणि गरम हवेची गन चालू केली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग टोकाशी काच किंचित दुधाळ दिसू लागली. तिने पातं टेकवून ढकललं. नखाएवढा एक कपचा उडाला आणि खाली शिसव दिसलं, फिकट, पण शिसव. तिने पुन्हा हवा दिली, पुन्हा ढकललं. पाऊण तासात चार बोटं जागा मोकळी झाली. तिचं मनगट भरून आलं, केस घामाने कपाळाला चिकटले.

मग दाराशी सावली पडली. बाबा उभे होते. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. चार थर, एक केस सापडला म्हणून पुन्हा पहिल्यापासून केलेलं ते काम कपचे होऊन पांघरुणावर पडलेलं त्यांनी पाहिलं. घुमीला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना, म्हणून तिने पाहिलं नाही. पात्याखाली करकर होत राहिली.

"कोन जास्त आहे तुझा," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"माहितेय."

"लाकडात शिरेल पातं."

"शिरू दे."

बाबा तरीही गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून, हात मागे बांधून उभे राहिले. पातं चुकीचं सरकलं की त्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघे, दात दुखणाऱ्या माणसाच्या तोंडून निघतो तसा. आणि सातव्या पट्टीजवळ ते झालंच. पातं खरंच शिसवात शिरलं आणि एक सपाट कपचा काढून गेलं. घुमीने दातओठ खाल्ले. पुढच्या पट्टीवर तिने हवा जरा जास्त वेळ धरली, आतला गोंद सुटला, आणि तिने बारा वर्षांपूर्वी भरलेली ती फिकट पट्टी फटीतून सुटून पात्याबरोबर वर आली.

बाबा दोन पावलांत टेबलाशी आले. त्यांचा उजवा हात पुढे झाला, पट्टीपर्यंत पोचला. आणि तिथे, वीतभर अंतरावर, थांबला. तो हात तसाच हवेत थांबलेला घुमीने पाहिला. नखांच्या कडांना अजून वाळलेलं रेझिन होतं.

"मी..." ते म्हणाले. "मी करू का?"

घुमीला आठवत होतं तेवढ्या काळात त्यांनी तिला असं काही कधी विचारलं नव्हतं. हो म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं. हो म्हटलं असतं तर काम तासाभरात झालं असतं, नीट झालं असतं, आणि घरात पुन्हा सगळं गोड झालं असतं. पण मग ते विचारणं कशासाठी होतं?

"नाही," ती म्हणाली. "गोंद कुठे आहे?"

बाबांनी हात मागे घेतला. "दुसऱ्या फळीवर. हिरव्या झाकणाचा. पातळ असतो, थेंबभर पुरे."

तिने गोंद आणला, थेंबभर घातला, पट्टी बसवली, वरून ठोकळा दाबून धरला. उन्हं कलली होती आणि शेडमध्ये काळोखी येत होती.

"दिवा धरू का?" बाबांनी विचारलं.

"धरा."

त्यांनी भिंतीवरचा लांब वायरीचा दिवा काढला आणि धरला. उरलेली काच निघायला आणखी दोन तास लागले. त्या दोन तासांत त्यांनी कोनाबद्दल एक अक्षर काढलं नाही. एकदाच म्हणाले, "पाणी पी." मध्येच आई दाराशी आली, दोघांना पाहिलं, काही विचारणार होती, पण बाबांनी मान हलवली तशी ती परत गेली. शेवटी घुमीने पॉलिश पेपरने बोर्ड हलक्या हाताने घासलं, तेलाचं फडकं फिरवलं. शिसव गडद झालं. ते आधीचं नव्हतं. छिद्रांत अजून काच चमकत होती, सातव्या पट्टीजवळ खळगा होता, आणि बोटांना ओळखीचं असं काहीही उरलं नव्हतं.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं. पण तुम्ही जे केलंत त्याचा राग आहे मला. अजून आहे."

बाबांनी दिव्याची वायर नीट गुंडाळून खिळ्याला लावली. "बरं," ते म्हणाले. "दुखावलो मीही."

"माहितेय."

शुक्रवारी सुटी टाकून अख्खा दिवस तिने खोलीत बसून बोटांना नव्या जागा शिकवल्या. शनिवारी रेकॉर्डिंग झालं. स्वर जुन्यासारखा कोरडा नव्हता, पण थांबायचा तिथे थांबत होता, आणि मैत्रिणीला श्वास घ्यायला जागा होती. खळग्यावरचा स्वर मात्र किंचित खरखरला. ते पुन्हा घेऊ या का, असं स्टुडिओवाल्याने विचारलं. तिघांनी तो ऐकला आणि राहू दे म्हणाले.

आठवड्याने गाणं हातात आलं. घुमीने ते कुणाला मुद्दाम ऐकवलं नाही. रविवारी सकाळी बाबाच चहाचा कप घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "लाव ना ते. ऐकू या."

ते पलंगाच्या कडेला बसले आणि डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"मुलगी गोड गाते," ते म्हणाले.

"हो."

"मध्ये एके ठिकाणी खरखरतं."

"सातव्या पट्टीजवळ."

"तिथेच. म्हटलं होतं मी कोन चुकतोय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि खरं सांगू का, तुला राग येईल, पण आवाज मला कोरडा वाटतो. ती काच राहिली असती तर भरदार वाजलं असतं."

पूर्वीची घुमी असती तर "हं" म्हणून उठली असती. तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"भरदार वाजलं असतं आणि तिची प्रत्येक ओळ खाल्ली असती. पुन्हा लावते. दुसरी ओळ ऐका, ती श्वास कुठे घेते ते ऐका, आणि मग मला सांगा."

"लाव," बाबा म्हणाले. "पण मला पटणार नाही."

"ऐकायच्या आधीच?"

"लाव तर खरं."

तिने पुन्हा लावलं. त्यांना पटलं नाही. दुसरी ओळ त्यांनी तीनदा ऐकली, तिसऱ्यांदा हात वर करून श्वासाची जागा बरोबर दाखवली, आणि तरीही म्हणाले की तिथे थोडा स्वर राहिला असता तर काही बिघडलं नसतं. घुमी म्हणाली, बिघडलं असतं. दोघांचे आवाज इतके चढले की आई स्वयंपाकघरातून हातातलं काम टाकून धावत आली, आणि आता पुन्हा काय झालं, म्हणून दारात उभी राहिली.